बत्ती द्याची नाई

फोनवर मी बोलत असताना कोणी मधेच तोडलं की माझं डोकं फिरतं. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सून म्हणते, "आईंचं वाक्य पूर्ण होऊ द्या रे, नाहीतर आज आपली खैर नाही." हसतात सगळे. हसा म्हणावं. माझी सगळी नोकरी पाटबंधाऱ्याच्या वायरलेसवर गेली. धरणात पाणी किती, पाऊस किती, हे रोज ठरल्या वेळी बोलायचं. साहेब लोक म्हणायचे, बाई फार शिस्तीची, एक शब्द खात नाही. शिस्त कसली डोंबलाची! भेव होतं ते. बटण सोडताना माझ्या अंगठ्याला घाम यायचा, निवृत्तीच्या दिवशीसुद्धा आला. कशाचं भेव, ते मी कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. आता सांगते.

सत्तरच्या दशकाच्या मधली गोष्ट. वाशीम जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आम्ही अकोल्यात मोडायचो. किन्हीराजाच्या पलीकडे एका टेकडीतून कालवा काढायचं काम चाललं होतं. टेकडी वरून मुरमाड आणि आतून काळा दगड, पहारीला दाद न देणारा. सकाळभर दगडात होल पाडायचे, त्यात जिलेटिनच्या कांड्या भरायच्या, वाती लावायच्या, आणि दुपारी एकला, जेवणाच्या सुट्टीत, सगळे मजूर लांब गेले की बार उडवायचे. बार उडवणारा माझा बाप होता.

आम्ही बौद्ध. मी अंगावर पीत होते तेव्हा आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली. बापाला अक्षर येत नव्हतं, पण पोरीला मॅट्रिक केल्याशिवाय त्यानं घरात लग्नाचं नाव काढू दिलं नाही. झाले मॅट्रिक. पण नोकरी कुठं ठेवली होती? त्याच कामावर टोपल्यानं गिट्टी वाहायला लागले. बायका म्हणायच्या, "मॅट्रिकवाली, टोपलं जरा इंग्रजीत उचल नं!" मीही कमी नव्हते, उलट टाकायची. बाप मात्र कोणाला काही बोलायचा नाही. वर्षानुवर्षं बार उडवून त्याचा डावा कान पार गेला होता आणि उजवा निम्मा. समोरचा काय म्हणतो ते न समजता तो नुसता हसायचा, आणि लोकांना वाटायचं माणूस फार गरीब स्वभावाचा आहे.

टेकडीच्या खालून एक गाडरस्ता वळसा घालून जायचा. कालव्यासाठी टेकडी कापली होती, तिला सगळे कटिंग म्हणायचे. कटिंगमधून रस्ता दिसत नसे आणि रस्त्यावरून कटिंग दिसत नसे. म्हणून बाराच्या वेळी एक माणूस लाल झेंडी घेऊन रस्त्यावर उभा राहायचा. येणारं-जाणारं थांबवायचा, रस्ता मोकळा झाला की शिट्टी मारायचा, आणि ती शिट्टी ऐकून बाप वरती वाती पेटवायचा. एकदा बापाला शिट्टी ऐकू आली असं वाटलं. वाजली नव्हती. एक दगड उडून रस्त्यावर एका बैलाच्या कंबरेत बसला. बैल गेला, गाडीवान थोडक्यात वाचला. बाप त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ओव्हरसियर साहेबांनी वर लिहिलं, आणि काही महिन्यांनी दोन सेट आले, हातात धरून बोलायचे.

सेट आले तेव्हा आख्खं काम गोळा झालं. साहेबांनी सांगितलं, याला वॉकीटॉकी म्हणतात. पाथरवट खिदळले. "टाकी त आमच्या हातात हायच सायेब, वाकी तेवढी बायकोले करून द्या!" दंडावरची वाकी आणि दगडावरची टाकी, दोन्ही एका डब्यात आल्यावर काय, दिवसभर तेच चाललं. साहेबांनी विचारलं, रस्त्यावरचा सेट कोणाकडं द्यायचा? दोन-तीन जण पुढं झाले. तेवढ्यात बाप म्हणाला, "माह्या पोट्टीचा आवाज मले समजते सायेब. बाकी कोनाचा नाई समजत. तिले द्या."

खरं होतं ते. घरात आई चार वेळा ओरडायची तेव्हा त्याचं डोकं वर व्हायचं, आणि मी एकदा म्हटलं की समजायचं. माझा आवाज बारीक आणि चिरका. त्याच्यावरून शाळेत मला चिडवायचे. तो आवाज कामाला आला म्हणून मी खूश व्हायला पाहिजे होते. झाले नाही. गिट्टीचं टोपलं पडलं तर गिट्टी सांडते. याच्यात काय सांडेल ते मला दिसत होतं.

सेट कसे वापरायचे ते शिकवायला पुण्याकडचे एक सर आले. दोन दिवस राहिले. फार शुद्ध बोलायचे, आणि मला "अहो बाई" म्हणायचे. वीस वर्षांच्या, पायात चप्पल नसलेल्या मुलीला "अहो बाई"! मी मागं वळून बघायची, कोणाला म्हणतात म्हणून. सेट विटेएवढा, पण विटेहून जड. कातडी खोळ, गळ्यात अडकवायला पट्टा, वर ओढून काढायची तार. पहिल्या दिवशी दोन्ही सेट मुके. मी बोलावं तर त्यांच्याकडं नुसती खरखर, आणि ते बोलले तर माझ्याकडं तेही नाही. सरांनी स्क्रू काढून मागचं झाकण उघडलं. आत चिंचोक्याएवढे पत्र्याचे चौकोनी तुकडे बसवलेले होते. ते क्रिस्टल.

"हे बघा बाई," ते म्हणाले, "प्रत्येक सेटमध्ये एक बोलायचा क्रिस्टल आणि एक ऐकायचा. तुमचा बोलायचा जो, तोच वडिलांचा ऐकायचा असला पाहिजे. यांनी उलटसुलट बसवून पाठवलेत. आता तुम्हीच बदला."

"मी?"

"मी गेल्यावर कोण बदलणार आहे?"

माझ्या हातून एक क्रिस्टल खाली धुळीत पडला. मी जागच्या जागी उभी राहिले, पाय हलवला नाही, तो पायाखाली गेला तर? सरांनीच वाकून उचलला, फुंकला, परत माझ्या हातात दिला. त्यावर बारीक आकडे कोरलेले होते. ते वाचून मी जोड्या लावल्या, एक इकडं, एक तिकडं, आणि झाकण लावलं. बापाला शंभर पावलं लांब उभं केलं, उजव्या कानाला सेट लावायला सांगितला. बटण दाबून मी म्हटलं, "बा, आयकू येते काय?"

बाप दचकला, सेट कानापासून लांब धरून त्याच्याकडं बघितलं, परत कानाला लावला. आणि मग तो एवढा हसला की तिथून मला त्याचे दात दिसले. बटण दाबून ओरडला, "अवं माय! तू त माह्या कानातच बसून हायस!"

मला रडू आलं. इतक्या वर्षांत मी त्याच्याशी हळू आवाजात बोलले नव्हते.

सरांनी एक गोष्ट शंभरदा सांगितली. सेटवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. ज्यानं बटण दाबलंय तो बोलतो, आणि तो बोलतो तोवर त्याला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही. म्हणून आधी बटण दाबायचं, मनात एक म्हणायचं, मग बोलायचं, परत मनात एक म्हणायचं, आणि मगच सोडायचं. घाई केली की पहिला किंवा शेवटचा शब्द जातो. "जातो म्हणजे कुठं जातो?" मी विचारलं. "कुठंच नाही," सर म्हणाले. "तुमच्या तोंडातच राहतो." एका पुठ्ठ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरात तीन शब्द लिहून दिले: मोकळा, थांबा, उडवा. एवढेच बोलायचे, बाकी काही नाही. आणि एक बजावलं, सेट टोप्यांच्या पेटीजवळ न्यायचा नाही. टोप्या म्हणजे कांड्यांना पेटवणारी ती छोटी पितळी नळकांडी. "कधी कधी सेटमुळंही उडू शकतात," ते सहज म्हणाले आणि चहा प्यायला गेले. तुम्ही जा चहा प्यायला. माझी झोप उडवून गेले ते.

पहिला आठवडा मी त्या पुठ्ठ्याप्रमाणे बोलले. गाडी आली की, "थांबा." गेली की, "मोकळा. उडवा." बरोबर चाललं होतं. पण माझ्याबरोबर झेंडी घेऊन दोन बायका असायच्या, त्यांनी कामावर जाऊन सांगितलं. झालं! संध्याकाळी घरी जाताना मागून आवाज, "थांबाऽऽ! अवो, थांबा! बापाले तुमी म्हंते हे पोट्टी. सायबीण झाली!" रोज तेच. आमच्याकडं बापाला कोणी तुम्ही म्हणत नाही. सासऱ्याला म्हणतील, गुरुजीला म्हणतील, बापाला म्हटलं की बापाला परकं केलं. आईसुद्धा एकदा म्हणाली, "काहून वं, आता तुले बाप लाजाचा वाटून राह्यला काय?" बाप एकदा जेवताना हसत हसत म्हणाला, "उडवा म्हंते मले. जशी कोन्या पावन्यालेच म्हंते."

मला ते लागलं. तोंडानं तिखट असले तरी चिडवलेलं मला सहन व्हायचं नाही, अजूनही होत नाही. पुठ्ठा मी घरी छपराच्या तुळईत खोचून ठेवला आणि घरच्यासारखं बोलायला लागले. वात पेटवण्याला आम्ही बत्ती देणं म्हणायचो. तो विचारायचा, "पोरी, बत्ती द्याची काय?" मी म्हणायची, "दे बा, मोकळा हाय," नाहीतर, "द्याची नाई, गाडी हाय." चिडवणं थांबलं. बापालाही बरं वाटलं. मलाही. यात काही वावगं आहे असं एकदाही मनात आलं नाही, आणि हे मी आज कोणत्या तोंडानं लिहू?

तरी भेव गेलं नव्हतं. एक वाजेपर्यंत मी भाकरीचं फडकं सोडायची नाही. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी तीनदा बघायची, तरी वाटायचं त्या बोरीच्या झुडपामागं कोणी बसलं असेल. "मोकळा हाय" म्हणून झालं की जीव मुठीत धरून उभी राहायची. मग टेकडीमागून बार व्हायचे आणि बाप सेटवर मोजायचा, "एक... दोन... तीन..." किती भरले तितके उडाले की नाही हे तो नेहमी मोठ्यानं मोजायचा, ती त्याची जुनी सवय. शेवटचा मोजला की म्हणायचा, "झाले." तो शब्द ऐकला की मी तिथंच मातीत बसायची.

तो दिवस बाजाराचा होता. सात बार भरले होते. बरोबरच्या बायकांपैकी एक आजारी होती, दुसरी रस्त्याच्या वरच्या टोकाला, मी वळणाच्या अलीकडं. एक गाडी गेली, दोन सायकली गेल्या. मी वळणाकडं बघितलं. रिकामं. सेटवर बाप म्हणाला, "पोरी, बत्ती द्याची काय?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात वळणावर बैलांची शिंगं दिसली. मागं गाडी, गाडीत म्हातारं माणूस, दोन बायका, एकीच्या मांडीवर लेकरू. ऐन टेकडीच्या पोटाखाली होते ते. कुठून आले? रस्त्यानं नव्हते आले, शेतातून वर चढले होते, म्हणून वरच्या बाईला दिसले नाहीत. माझ्या एका हातात झेंडी, एका हातात सेट. मी बटण दाबलं आणि ओरडले, "बत्ती द्याची नाई!" आणि ओरडता ओरडताच झेंडी हलवत गाडीकडं धावले.

धावता धावता सेटमधून बापाचा आवाज आला, एकदम शांत, रोजच्यासारखा. "देली."

मी थांबले. मला समजेना. द्याची नाई म्हटलं तर देली कशी? मग अंगठ्याकडं लक्ष गेलं. धावायच्या घाईत "द्याची" म्हणतानाच तो उचलला होता. "नाई" मी म्हटलं होतं, चांगलं गळा फोडून म्हटलं होतं, पण सुटलेल्या बटणावर. बापानं विचारलं होतं, द्याची काय? आणि त्याला उत्तर गेलं होतं, बत्ती द्याची.

नुसतं "थांबा" म्हटलं असतं तर? अर्धं तुटून "थां" गेलं असतं तरी माझा बाप थांबला असता.

वाती पेटल्यावर बाराला अडीच-तीन मिनिटं लागतात. मी बटण दाबलं, असं की अंगठ्याचं नख पांढरं पडलं, आणि म्हटलं, "बा! बत्ती द्याची नाई! खाली गाडी हाय, लोकं हायत, लेकरू हाय!" मनात एक म्हटलं. मग सोडलं. या वेळी सगळं गेलं, अक्षर न् अक्षर.

मग मी गाडीकडं पळाले. गाडीवान म्हातारा होता पण हुशार. झेंडी आणि माझा चेहरा बघून त्यानं काही विचारलं नाही, बैलांच्या नाकाडावर चाबकाचा दांडा मारून गाडी जागच्या जागी फिरवली. बायका उतरून पळाल्या. मी लेकरू घेतलं, का घेतलं ते आठवत नाही, कोणाच्या हातातून घेतलं तेही नाही. आम्ही सगळे ओढ्याच्या काठाआड गेलो. तिथं दगड येऊच शकत नव्हता. सगळी माणसं वाचली होती. एक मिनिटही लागलं नाही याला.

लेकरू त्याच्या आईकडं देऊन मी सेट तोंडाशी नेला, "बा, गाडी गेली, तू लपून बस" म्हणायला. बटण दाबायच्या आधी आतून श्वास ऐकू आला. मोठा, चढणीवर लागतो तसा. आणि दगडांवर पायांचा आवाज. त्यानं सेट मुठीत घट्ट धरला होता आणि त्या मुठीत बटण दाबलं गेलं होतं.

आणि मग त्याचा आवाज, "एक."

मला समजलं. तो परत कटिंगमध्ये उतरला होता. चाकूनं जळत्या वाती कापत होता.

मी बटण दाबलं. "बा, गाडी गेली! पय! बा, पय तथून!" सोडलं. "दोन," बाप म्हणाला. त्याचं बटण दाबलेलं होतं तोवर त्याला काही ऐकू जाणार नव्हतं. मला हे ठाऊक होतं, सरांनी शंभरदा सांगितलं होतं, तरी मी पळ म्हणून ओरडत राहिले. टेकडीकडं तोंड करून नुसत्या गळ्यानंही ओरडले. त्या कानांना? शिट्टी जिथं पोहोचत नव्हती तिथं माझा आवाज कुठं पोहोचणार! धावत जावं तर टेकडीला वळसा घालून दहा मिनिटं. गाडीतल्या दोघींपैकी म्हातारी विचारत होती, "काय झालं वं बाई, कोन मोजून राह्यलं?" मी तिला गप्प बस म्हटलं, फार वाईट बोलले तिला.

"तीन." धाप. "चार." दगड घसरल्याचा आवाज, एक शिवी. मध्ये बराच वेळ गेला. "पाच." मी बुद्धाचं नाव घेतलं, मग आजी ज्या देवांची नावं घ्यायची त्या सगळ्यांची घेतली, कोणाला सोडलं नाही. "सहा." आता एकच राहिला. एकच, बा. कापला की "झाले" म्हण.

"सातवं कुठी गेलं?" बाप स्वतःशीच म्हणाला. "अथीच त होतं."

आवाज आधी सेटमधून आला, कडाक्, आणि सेट मेला. मग टेकडीमागून तोच आवाज परत आला. एकच बार मी दोनदा ऐकला, आणि त्या दोन आवाजांच्या मधे मला वाटलं होतं की कदाचित सेटच बिघडला असेल.

बाप मेला नाही. हे आधीच सांगायला पाहिजे होतं का? मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. मी कटिंगपाशी पोहोचेपर्यंत माझ्या लेखी तो मेलेलाच होता. सातवा होल मोठ्या दगडाच्या आडोशाला होता, तो दगड मधे आला म्हणून बाप वाचला. अंगावर जखमा, खांदा निखळलेला, आणि उजव्या कानातून रक्ताची धार मानेवरून बंडीत उतरलेली. डोळे उघडे होते. मला बघून म्हणाला, "गाडी?" मी म्हटलं, "गेली." त्यानं परत विचारलं, "गाडी?" मी ओरडून म्हटलं, "गेली बा!" त्यानं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी हातानं दाखवलं.

तो कान परत आला नाही. डॉक्टरांनी दोन्ही कानांशी कान तपासायचा लोखंडी काटा वाजवून बघितला आणि कागदावर रेघ ओढली.

चौकशी झाली ती पंधरा दिवसांनी, ओव्हरसियर साहेबांच्या तंबूत. मोठे साहेब आले होते, पुण्याचे सरही. बापाला खाटेवर बसवून आणलं होतं. मी उभी होते, मनात हिशेब चालू होता. सेट काढून घेतील, कामावरून काढतील, कदाचित पोलिसात देतील. मोठ्या साहेबांनी माझ्याकडं बघून विचारलं, "तू नेमकं काय बोललीस?" प्रश्न बापाला ऐकू गेला नव्हता, पण साहेबांचं तोंड माझ्याकडं वळलेलं त्याला दिसलं. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात तो म्हणाला, "पोरीची काई चूक नाई सायेब! ते नाईच म्हनत होती. माह्या कानाले आलं नाई. मांगं बी असंच झालं होतं, त्या बैलाच्या टायमाले."

साहेबांनी लिहून घेतलं. मी काही बोलले नाही. बाहेर आल्यावर पुण्याच्या सरांनी मला बाजूला घेतलं. हळूच विचारलं, "बाई, बटण आधी तर सुटलं नव्हतं?"

"नाही सर," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं थोडा वेळ बघितलं आणि मान हलवली. त्यांनीच पुढं माझ्यासाठी शिफारस केली. वर्षभरात मला वायरलेसवर कायम नोकरी लागली. बापाला कामावरून कमी केलं, ठार बहिरा माणूस बारावर कोण ठेवणार? तो घरी शेळ्या राखायला लागला.

यानंतर बाप बरीच वर्षं जगला, आणि जो येईल त्याला ती गोष्ट सांगायचा. पाहुणा आला, चहा झाला, की सुरू. "माह्या कानानं घात केला भाऊ. पोरगी जीव तोडून नाई म्हनत होती, अन् म्या बत्ती देली. गाडीभर लोकं मेले असते माह्यापायी. लेकरू होतं त्याच्यात." सांगताना त्याचा आवाज कापायचा. रात्री दचकून उठायचा, हे आईनं मला सांगितलं. सुट्टीत घरी गेले की मी पाहुणे यायच्या आत पाणी आणायला निघून जायची. खुणेनं सांगता आलं असतं. चार खुणा पुरल्या असत्या: सेट, अंगठा, तोंड, मी. प्रत्येक खेपेला ठरवून जायची आणि न सांगता परत यायची.

एका दुपारी शाळेचे गुरुजी आले होते, त्यांना त्यानं सगळं सांगितलं. गुरुजी गेले. आई शेतात होती. मी चुलीपुढं भाकरी थापत होते, त्याच्याकडं पाठ होती. आणि मी बोलले. काय झालं कोणास ठाऊक, पण बोलले. "बा, तुया कान चांगला होता. तुले आयकू आलं तेवढंच गेलं होतं. 'नाई' म्या बटन सोडल्यावर म्हनलं. तुयी काई चूक नाई बा. माही हाय. तंबूत बी म्या तोंड उघडलं नाई." सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तव्यावरची भाकर जळाली.

मागून मोठ्यानं आवाज आला, "पोरी, काई म्हनलं काय वं तुनं?"

माझी मान हलताना त्याला दिसली असावी. आता वळून, त्याच्या डोळ्यांसमोर खुणा करायच्या, एवढंच राहिलं होतं. मला भेव वाटलं. तो चिडेल याचं नाही. तो चिडणार नाही, "जाऊ दे माय" म्हणेल, आणि उद्या पाहुणा आला की पुन्हा आपल्याच कानाला दोष देईल, या खेपेला जाणूनबुजून, माझ्यासाठी, याचं.

मी वळले. ताट वाढून त्याच्यापुढं ठेवलं आणि हातानं सांगितलं, जेव. तो बसला. घास मोडायच्या आधी त्यानं आपल्या उजव्या कानावर एक चापट मारली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "याचाच भरोसा नव्हता, पोरी. तू त किती चांगलं बोलत होती."